केस घेतली, पण वर्ग गप्पच

प्रश्न : मी पदव्युत्तर वर्गाला व्यवस्थापनातली निर्णयप्रक्रिया शिकवते. वर्गात सत्तर विद्यार्थी आहेत. नुसत्या व्याख्यानांचा मलाच कंटाळा आला, म्हणून यंदा खऱ्या घटनांवरून शिकवायचं ठरवलं. पहिली केस घेतली ती चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघाताची. चौदा पानांचं टिपण आदल्या दिवशी वाटलं, वर्गात सुरुवातीला स्फोटाची चित्रफीत दाखवली आणि "आता यावर चर्चा करू या" म्हटलं. वर्ग ढिम्म. नेहमीचे तिघं-चौघं बोलले, तेही एकच वाक्य : व्यवस्थापनाने अभियंत्यांचं ऐकायला हवं होतं. तास संपल्यावर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, गोष्ट छान होती, पण परीक्षेत काय लिहायचं?" विभागातले एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की हे सगळं फॅड आहे, यात पोर्शन मागे पडतो. केस स्टडी सोडून देऊ का? की माझ्यातच ती हातोटी नाही?
– एक प्राध्यापिका

उत्तर :

सोडू नका. हातोटीची चिंताही तूर्त बाजूला ठेवा, कारण वर्ग गप्प का बसला हे तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही चित्रफीत आधी दाखवलीत. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यानाचे तुकडे झाले, सातही अंतराळवीर गेले, हे डोळ्यांदेखत पाहिल्यावर "उड्डाण करायला हवं होतं का?" या प्रश्नात बोलण्यासारखं उरतं काय? ज्या तिघा-चौघांनी तोंड उघडलं ते शक्य असलेलं एकमेव वाक्य बोलले. बाकीच्यांना ते वाक्य पुन्हा म्हणण्यात अर्थ वाटला नाही. मला तरी यात त्यांची चूक दिसत नाही.

शेवट ठाऊक झाला की माणसाला तो आधीपासूनच अटळ दिसू लागतो. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली हे प्रयोगाने दाखवलं. ऐतिहासिक प्रसंगाचा शेवट ज्यांना सांगितला होता त्यांना तोच शेवट जास्त संभवनीय वाटला. शिवाय, सांगितला नसता तरी आपल्याला तो ओळखता आला असता, असंही त्यांना वाटत होतं. खऱ्या घटनांवरून शिकवण्यातला सगळ्यात मोठा धोका हाच आहे. घटना घडून गेलेली असते, तिच्यावर चौकशीचा अहवाल आलेला असतो, दोषी कोण ते ठरलेलं असतं. तो अहवाल जसाच्या तसा वर्गात आणला की विद्यार्थ्यांना निर्णय घ्यायला लागतच नाही. घेतलेल्या निर्णयावर ते फक्त निकाल देतात, आणि मेलेल्या निर्णयावर निकाल द्यायला अक्कल लागत नाही.

तेव्हा केस सुरू करा २७ जानेवारी १९८६ च्या रात्री. दूरध्वनीवरून बैठक चालू आहे. एका टोकाला युटामधल्या मॉर्टन थायोकॉल या कंपनीचे अभियंते आणि अधिकारी, तर फ्लॉरिडात आणि अलाबामात नासाची माणसं. थायोकॉलने यानासाठी बनवलेल्या रॉकेटच्या सांध्यांमध्ये ओ-रिंग नावाची रबरी कडी असतात. आतला तप्त वायू सांध्यातून बाहेर येऊ नये हे त्यांचं काम. थंडीत रबर ताठरतं आणि फट बुजायला वेळ लागतो, ही अभियंत्यांची भीती. उड्डाण उद्या सकाळी आहे आणि तेव्हा कडाक्याची थंडी असणार आहे. आजवरच्या सगळ्यात थंड उड्डाणात सांध्याचं तापमान ५३ अंश फॅरनहाइट होतं, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअस, आणि त्या उड्डाणात वायू कड्यांच्या पलीकडे झिरपला होता. म्हणून अभियंत्यांचा सल्ला : त्याहून थंड हवेत उडवू नका.

इथवर ऐकलं की वर्ग "मग उडवू नका" म्हणून मोकळा होईल. पण त्याच बैठकीत समोर असलेली दुसरी माहितीही आता ठेवा. वायू झिरपण्याचा प्रकार ७५ अंशांच्या, म्हणजे चांगल्या उबदार हवेतल्या एका उड्डाणातही झाला होता. थंडीत झिरपतं, उबेतही झिरपतं. मग थंडीचा संबंध सिद्ध कसा झाला? नासाच्या अधिकाऱ्यांनी नेमकं हेच विचारलं, आणि प्रश्न वेडगळ नव्हता. थंड उड्डाणात सांधा जास्त काळवंडलेला आपण पाहिला, असं रॉजर बॉइजोली हे अभियंते सांगत होते. पण किती थंडीत किती धोका, याचा आकडा त्यांच्याकडे नव्हता. उड्डाण आधीच पुढे ढकललं गेलेलं. मग थायोकॉलच्या लोकांनी आपसात बोलायला वेळ मागून घेतला. त्या खासगी चर्चेत अभियांत्रिकीचे उपाध्यक्ष रॉबर्ट लुंड यांना त्यांच्या वरिष्ठांनी सांगितलं की अभियंत्याची टोपी काढा आणि व्यवस्थापकाची घाला.

इथे थांबा. टिपण इथेच संपलं पाहिजे. चौदा पानं नकोत, दीड-दोन पानं पुरेत. खाली प्रश्न लिहा : "तुम्ही लुंड आहात. नासाला लेखी शिफारस हवी आहे. काय कराल, आणि ते ठरवायला आणखी कोणती एक माहिती मागाल?"

या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे, कारण केसचं खरं मर्म तिथे आहे. बैठकीत जी आकडेवारी फिरत होती ती फक्त बिघाड झालेल्या उड्डाणांची होती. ज्या उड्डाणांत कड्यांना काहीच झालं नाही, ती कोणी मांडलीच नव्हती. ती मांडल्यावर काय दिसतं ते नंतर अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाच्या अहवालात आलं. ६६ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाच्या वीस उड्डाणांपैकी फक्त तिनांत कड्यांना इजा झाली होती. ६३ अंश किंवा त्याहून कमी तापमानाच्या चारही उड्डाणांत झाली होती. ज्या तक्त्याने वाद मिटला असता त्याची माहिती कंपनीकडेही होती आणि नासाकडेही. फक्त ती कोणी मागितली नाही. सत्तरांतले दोन-तीन विद्यार्थी ही माहिती आपणहून मागतील. एकानेही मागितली नाही तरी हरकत नाही, तुम्ही ती फळ्यावर मांडा. वर्गात जी चुळबुळ होईल तीच तुम्हाला चित्रफितीतून हवी होती.

मुलांना चॅलेंजर हे नाव माहीत असेल, मग शेवट लपवणार कसा? नाव बदला. व्यवस्थापनाच्या वर्गांत या घटनेवर बेतलेली एक केस वर्षानुवर्षं वापरली जाते. तिच्यात यान नाहीच. एक मोटारशर्यतीचा संघ आहे, इंजिनं अधूनमधून बंद पडतात, थंडीशी त्याचा संबंध असावा असा संशय आहे आणि आज हवा थंड आहे. शर्यतीत उतरायचं की नाही, एवढाच प्रश्न. बहुसंख्य विद्यार्थी "उतरू या" म्हणतात, असा ती घेणाऱ्यांचा अनुभव आहे. नंतर खरं नाव कळल्यावर व्यवस्थापनाला शिव्या घालायची सोय उरत नाही, कारण आपणही तीच सही करून बसलेलो असतो. तुम्ही चित्रफीत दाखवायचीच असेल तर ती त्यानंतर दाखवा. मी तर तेव्हाही दाखवणार नाही. सात माणसांचा मृत्यू वर्गात लक्ष वेधून घेण्यासाठी वापरणं मला बरं वाटत नाही.

आता वर्ग बोलता कसा करायचा. "यावर चर्चा करू या" हा प्रश्नच नाही. त्यात ना कुणाला भूमिका, ना बाजू घ्यायची सक्ती. सत्तरांच्या वर्गात आधी कागद, मग बोलणं. पाच मिनिटं प्रत्येकाने आपला निर्णय आणि एक कारण एका ओळीत लिहायचं, मग शेजारच्या दोघा-तिघांना वाचून दाखवायचं. त्यानंतर हात वर करून मोजणी, आणि आकडे फळ्यावर. लिहिलेलं समोर असलं की एरवी तोंड न उघडणाराही ते वाचून दाखवू शकतो. ज्या बाजूला कमी हात असतील तिला आधी बोलू द्या, नाहीतर ती बाजू बहुमताच्या रेट्यात विरून जाते.

त्यानंतर तुमचं काम फार थोडं आहे आणि म्हणूनच अवघड आहे. मान डोलावू नका. आपल्याला ती खोड असते : विद्यार्थी मनातलं बोलला की "अगदी बरोबर" निघून जातं आणि तिथे चर्चा संपते, कारण उत्तर सापडलं असं वर्ग समजतो. त्याऐवजी "हे तुम्हाला कशावरून वाटतं?" आणि "हे चुकीचं ठरायला काय दिसावं लागेल?" एवढे दोन प्रश्न विचारत राहा. मध्ये शांतता पडली तर ती पडू द्या. प्रश्न विचारून तीन सेकंदांत स्वतःच उत्तर देणारे आपण, आणि वर्ग बोलत नाही म्हणून तक्रार करणारेही आपणच.

शेवटची पंधरा मिनिटं मात्र तुमची. केस पद्धतीचे काही कट्टर भक्त सांगतात की शिक्षकाने निष्कर्ष काढूच नये, सगळं खुलं सोडावं. मला ते पटत नाही. तासभर भांडून विद्यार्थी रिकाम्या हाताने बाहेर पडले तर त्या मुलीचा प्रश्न पुन्हा येणारच. काय लिहायचं ते सांगा : फक्त बिघडलेल्या घटना पाहून कारण ठरवता येत नाही, न बिघडलेल्याही पाहाव्या लागतात. हे तत्त्व साध्या शब्दांत फळ्यावर लिहा. केस आधी आणि व्याख्यान नंतर, या क्रमाला आधारही आहे. डॅनियल श्वार्ट्झ आणि जॉन ब्रॅन्सफर्ड यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी आधी परस्परविरोधी उदाहरणं स्वतः तपासली आणि मग व्याख्यान ऐकलं. काहींनी पाठाचा सारांश लिहिला आणि तेच व्याख्यान ऐकलं. नव्या परिस्थितीत काय होईल याचा अंदाज बांधण्यात पहिले बरेच पुढे होते. व्याख्यान निरुपयोगी नाही. ज्या प्रश्नावर डोकं खाजवून झालंय त्या प्रश्नावरचं व्याख्यान कान देऊन ऐकलं जातं, इतकंच.

एवढं करून भागत नाही. एका केसमधून शिकलेलं त्या केसलाच चिकटून राहतं. मेरी गिक आणि कीथ होलिओक यांचे १९८० च्या दशकातले प्रयोग या बाबतीत जरा निराश करणारे आहेत. किल्ल्यावर सैन्य अनेक वाटांनी थोडं थोडं पाठवून हल्ला केल्याची गोष्ट लोकांना वाचायला दिली. मग विचारलं : पोटातली गाठ किरणांनी जाळायची आहे, पण तीव्र किरण वाटेतलं निरोगी मांसही जाळतात; काय कराल? उत्तर गोष्टीतच होतं, चारी बाजूंनी मंद किरण सोडायचे. पण "त्या गोष्टीचा उपयोग करा" असा इशारा मिळेपर्यंत बहुतेकांना ते सुचलं नाही. वेगळ्या पेहरावातल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांतलं साम्य शोधायला लावलं, तेव्हा चित्र सुधारलं. म्हणजे तुम्हाला चॅलेंजरची जोडी हवी, आणि ती दिसायला शक्य तितकी वेगळी हवी.

माझी निवड १८५४ सालची लंडनच्या सोहो भागातली पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ. ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाच्या आसपास माणसं पटापट मरत होती. रोग दूषित हवेतून पसरतो असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो या डॉक्टरांचा संशय पाण्यावर होता. मेलेल्यांची घरं नकाशावर मांडून पंप सापडला, इतकीच गोष्ट सगळे सांगतात. पण पंपाजवळची हवाही तीच होती आणि पाणीही तेच, त्यामुळे नकाशावरून दोन्ही बाजूंना आपलंच खरं म्हणता येत होतं. स्नो यांनी जोर लावला तो न मेलेल्यांवर. जवळच्या पोलंड स्ट्रीटवर गरिबांसाठीचं आश्रयगृह होतं, तिथे ५३५ माणसं होती आणि पटकीने पाचच दगावली; त्या इमारतीला स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्याच बिअरच्या कारखान्यात सत्तरहून जास्त कामगार होते आणि एकही पटकीने मेला नाही. त्यांना रोज बिअर मिळे आणि ते पंपाच्या वाटेला जात नसत. याच्या उलट, दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा मेली. तिच्या भागात पटकी नव्हती, पण ब्रॉड स्ट्रीटचं पाणी आवडतं म्हणून ती ते मुद्दाम मागवून घेत असे.

या दोन केसेस शेजारी ठेवा आणि एकच विचारा : स्नो यांनी जे केलं ते त्या रात्री बैठकीत कोणी केलं असतं तर? हवा-पाणी आणि रॉकेट-रबर यांचा बाह्यतः काहीच संबंध नाही, म्हणूनच मधलं सूत्र उघडं पडतं.

सोहोची केस घेताना एक मोह टाळा. ८ सप्टेंबरला पंपाचं हँडल काढलं आणि साथ थांबली, असा नाट्यमय शेवट सर्रास सांगितला जातो. साथ तोवर ओसरू लागली होती, आणि लोक भाग सोडून गेल्याने ती आधीच कमी झाली असावी, हे खुद्द स्नो यांनी नोंदवून ठेवलंय. खऱ्या घटनेला अशी ओबडधोबड टोकं असतात. आपण ती वर्गासाठी घासून गुळगुळीत केली तर मग काल्पनिक उदाहरण काय वाईट होतं? हँडल काढल्याने किती जीव वाचले हे आपल्याला सांगता येईल का, हा प्रश्न मुलांनाच टाका. निर्णय योग्य असणं आणि परिणाम चांगला होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना तिथे कळेल. तुमच्या विषयात याहून कामाचं फार थोडं आहे.

परीक्षेचं आता सोपं आहे. चॅलेंजरवर प्रश्न विचारू नका, नाहीतर मुलं चॅलेंजर पाठ करून येतील. अर्ध्या पानाची नवी, न पाहिलेली परिस्थिती द्या : सोडून गेलेल्या ग्राहकांचीच पाहणी करून कंपनीने काढलेला निष्कर्ष, किंवा नापास झालेल्यांच्याच मुलाखती घेऊन बदललेला अभ्यासक्रम. निर्णय विचारा, कारण विचारा, कोणती माहिती कमी आहे ते विचारा. गुण कारणाला आणि माहितीच्या मागणीला द्या. निर्णय "हो" की "नाही" याला देऊ नका, आणि हे वर्गात आधीच सांगून टाका. त्या मुलीला तिचं उत्तर मिळेल, आणि पुढच्या केसला ती टिपण वाचून येईल.

ज्येष्ठ सहकाऱ्यांचं "फॅड" मात्र ऐकून सोडून द्या. क्रिस्टोफर लँगडेल १८७० मध्ये हार्वर्डच्या कायदा विद्यालयाचे डीन झाले आणि त्यांनी नियम सांगण्याऐवजी प्रत्यक्ष निकालपत्रं वर्गात आणली. सुरुवातीला विद्यार्थी वैतागून त्यांच्या तासाकडे पाठ फिरवू लागले होते, हे तुम्हाला दिलासा म्हणून सांगते. तिथल्याच व्यवसाय विद्यालयात ही रीत रुजवली ती १९१९ मध्ये डीन झालेल्या वॉलेस डोनम यांनी, आणि ते स्वतः कायद्याचे पदवीधर होते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ पासून वैद्यकीय शिक्षण रुग्णाच्या समस्येपासून सुरू करायला घेतलं. दीडशे वर्षं टिकलेल्या गोष्टीला फॅड म्हणणं जरा जास्तच झालं.

पोर्शनबद्दल मात्र ते खरं बोलतायत. केसला वेळ लागतो. सत्रात तीन केसेस पुरे, फार तर चार, आणि त्या अशाच ठिकाणी जिथे विद्यार्थी व्याख्या पाठ म्हणतात पण वापरायची वेळ आली की घसरतात. आकडेमोडीची रीत, संज्ञा, सूत्रं शिकवायला केस घेऊ नका. तिथे खडू, फळा आणि भरपूर सराव यांना तोड नाही. केसेसना लागणारा वेळ कुठून काढायचा तर टिपणांमधून. जे पुस्तकात नीट लिहिलंय ते वर्गात वाचून दाखवणं बंद केलं की बराच वेळ निघतो.

पुढे-मागे तुम्ही स्वतः केसेस लिहाल, विद्यार्थ्यांच्या नोकरीतल्या अनुभवांवरूनही लिहाल. तेव्हा संबंधितांची लेखी परवानगी घ्या. ती मिळत नसेल तर नुसतं नाव बदलून भागणार नाही. व्यवसाय, जागा, आकडे असे बदला की त्याच कचेरीतल्या माणसालाही ओळख पटू नये.

या वर्गापुरतं चॅलेंजरचं नाव आता फुटलंय, तेव्हा यंदा सुरुवात सोहोपासून करा. टिपणात फक्त पहिल्या आठवड्याचे मृत्यू, पंपाची जागा आणि दूषित हवेचा तेव्हाचा सिद्धान्त द्या. बिअरचा कारखाना आणि आश्रयगृह वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून जवळ ठेवा आणि कुणी मागितले तरच द्या. चॅलेंजरची आकडेवारी त्याच्या पुढच्या तासाला काढा, तेव्हा शेवट ठाऊक असूनही चालेल, कारण "न बिघडलेली उड्डाणं कुठे आहेत?" हे विचारणारे या वेळी तिघं-चौघंच नसतील.